जुन्या बाजारातले कातणे

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. रविवार होता, म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात एक फेरी मारली. त्या बाजारात काय मिळत नाही? बंद पडलेली घड्याळे मिळतात, एकच बाजू शिल्लक असलेला तराजू मिळतो, कुणाच्या तरी लग्नातला पितळी तांब्याही मिळतो आणि त्यावर नाव घालणाऱ्याचे अक्षर सुंदर असते. एका गोणपाटावर सुतारकामाच्या हत्यारांचा ढीग पडला होता. त्यात दोन वस्तू निराळ्या दिसल्या. लाकडी मुठीत बसवलेले दातेरी लोखंडी चाक ही एक, आणि अर्धचंद्राच्या आकाराचे गंजके पाते ही दुसरी. विक्रेत्याला नावे विचारली तर तो म्हणाला, "हे करंजीचं कातणं, आणि ती कोथिंबीर चिरायची सुरी. जुन्या काळची आहे साहेब, आता मिळायची नाही." दोन्ही मिळून ऐंशी रुपयांना पडल्या.

घरी आल्यावर सौभाग्यवतीने चिंच-मिठाने चाक लख्ख घासले. त्या दिवाळीत करंज्यांच्या कडांवरून ते फिरले. कापण्याचे काम त्याला नीटसे जमेना. त्याने नुसती बारीक ठिपक्यांची रांग उठे. पण कडक पुऱ्या फुगू नयेत म्हणून टोचायला ते फार सोयीचे आहे, असा शोध आमच्या आईने लावला. फराळाला आलेल्या शेजारणींनी पुऱ्यांवरच्या रांगोळीसारख्या ठिपक्यांचे कौतुक केले. दोघींनी तर तसले कातणे कोठे मिळते तेही विचारून घेतले.

मला त्या वेळी एका कादंबरीसाठी चर्मकाराचे घर उभे करायचे होते. कादंबरीकाराची एक खोड असते. माणसाचे मन आपल्याला ठाऊक आहे असे तो गृहीत धरतो आणि त्याच्या हातातल्या वस्तूचे नाव मात्र त्याला ठाऊक नसते. मी दोन प्रकरणे लिहून काढली होती आणि त्यांत माझा नायक सगळी कामे 'हत्याराने' करत होता. कोणत्या हत्याराने, ते लिहायची माझी छाती नव्हती. म्हणून नाताळच्या सुटीत कोल्हापूर गाठले आणि सुभाषनगरात एका वृद्ध कारागिराच्या ओट्यावर जाऊन बसलो. सगळी वस्ती त्यांना आबा म्हणे, मीही आबाच म्हणू लागलो. पिशवीत ते अर्धचंद्राकृती पाते होते. त्याबरोबर चाकही नेले होते, ते केवळ गंमत म्हणून.

आबांनी चाक हातात घेतले, अंगठ्याने दाते चाचपले आणि मुठीकडे बराच वेळ पाहिले.

"मास्तर, ह्ये कुठं गावलं?"

"पुण्याला, जुन्या बाजारात. करंजीचं कातणं आहे म्हणाला."

आबा एवढे हसले की आतून त्यांच्या सूनबाई बाहेर आल्या. "ह्येनं करंज्या कापल्या व्हय? अवो, ह्ये जीनवाल्याचं चाक. टाक्याच्या खुणा पाडायचं. आमच्या कामात ह्येचा उपेग न्हाई, पर माझा बा लढाईच्या वक्ताला पुण्याच्या क्यांपात घोड्यांची जीनं शिवायला हुता, त्येच्यापाशी असलंच हुतं." मग मूठ माझ्याकडे वळवून म्हणाले, "आन् ज्येच्या हातात हुतं त्यो डावरा हुता. अंगठ्याची खळगी बगा की कुन्या अंगाला पडलीया."

खरोखरच मुठीला एका अंगाने खळगी पडली होती. मी डोळे असून ती पाहिली नव्हती. त्या दिवसापासून मी जुनी हत्यारे वाचायला शिकू लागलो. 'वाचायला' हा शब्द जाणून वापरतो आहे. शाळेत ज्याला आपण इतिहास म्हणतो तो बहुतेक कागदावरचा असतो, आणि ज्या माणसांच्या नावाने कागद झाले नाहीत त्यांचा इतिहास असल्या मुठींवर असतो.

प्रथम चाकाचेच पाहू. खोगीर, लगाम, पट्टे, टांग्याचा साज हे काम शिवणाऱ्याचा टाका एकसारखा यावा लागतो. दोन टोकांना दोन सुया लावलेला मेणदोरा एकाच भोकातून दोन्हीकडून ओढायचा, अशी ती शिवण असते. यंत्राच्या शिवणीचा एक टाका तुटला की शेजारचे टाके सैल पडू लागतात. या हातशिवणीचा एक तुटला तरी दुसरा दोरा जागचा हलत नाही. घोड्यावर बसणाऱ्याचा जीव रिकिबीच्या वादीवर असतो, तेव्हा यातला फरक समजावून सांगायला नको. भोके आरीने एकेक करून पाडतात. ती कोठे पाडायची याच्या खुणा मात्र आधी चाक फिरवून उठवतात. माझ्या चाकावर '८' हा आकडा होता. शाळेची फूटपट्टी घेऊन मी ते कागदावर फिरवले, तर एका इंचात बरोबर आठ ठिपके पडले.

यात एक मौज आहे, आणि ती मला फार पुढे कळली. विलायतेत इंग्रजी इंचात जितके टाके तितका हत्याराचा आकडा. पॅरिसच्या ब्लांशार कारखान्याच्या खुणा पाडायच्या हत्यारांवरही आठ लिहिलेले असते, पण तो आठ फ्रेंच इंचातला. ते जुने फ्रेंच माप २७.०७ मिलिमीटरचे आणि इंग्रजी इंच २५.४ मिलिमीटरचा. मेट्रिक मापे जगाला देणाऱ्या फ्रान्समध्ये १८४० पासून जुनी मापे वापरायला कायद्याने बंदी झाली, तरी चामड्याच्या कारागिरांनी आपला इंच सोडला नाही. त्यामुळे एकाचा टाका ३.१८ मिलिमीटरचा आणि दुसऱ्याचा ३.३८ चा. हा फरक एका टाक्यात डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा चाक लांब पट्टीवर फिरवून एक्क्याऐंशी ठिपके पाडावेत. ते साडेपंचवीस सेंटिमीटरच्या आत संपले तर हत्यार इंग्रजी, सत्तावीसच्या पुढे गेले तर फ्रेंच. आमच्या वर्गातल्या मुलांकडून मी हे गणित करवून घेतले. एरवी दशांश अपूर्णांकांना भिणारी मुले त्या दिवशी चाकासाठी भांडत होती.

माझे चाक इंग्रजी निघाले. ते तसे निघेल हे त्याच्या लोखंडी भागावरच्या अर्धवट अक्षरांवरूनही कळायला हवे होते. 'क्सन' एवढा शेवट आणि खाली 'वॉल्स' एवढी सुरुवात दिसत होती. इंग्लंडच्या मध्यभागी वॉल्सॉल नावाचे गाव आहे. खोगीर आणि लगाम यांसाठी ते पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तेथे चामड्याच्या कामाचे एक संग्रहालयही १९८८ मध्ये उघडले. त्याच गावातल्या डिक्सन या हत्यारवाल्यांचे नाव जीनगरी हत्यारांवर सर्वत्र आढळते. चपला-बुटांच्या हत्यारांवर शेफील्डच्या बार्न्स्लींचा शिक्का दिसतो आणि अमेरिकेकडून आलेल्या हत्यारांवर ऑस्बोर्न हे नाव असते. ही तीन-चार नावे ज्याला ठाऊक आहेत त्याला भंगाराच्या ढिगातून अर्धी हत्यारे ओळखता येतात. विकणाऱ्याला ती बहुधा ठाऊक नसतात, हे गिऱ्हाइकाचे भाग्य.

शिक्क्यातले आणखी दोन शब्द लोकांना फसवतात. पुष्कळ पात्यांवर 'कास्ट स्टील' असे असते. ते पाहून माझ्या एका मित्राने चांगले पाते 'बीड आहे, तुटेल' म्हणून सोडून दिले. बीड निराळे, हे निराळे. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीला कमानींसाठी चांगले पोलाद मिळेना, म्हणून त्याने मातीच्या मुशीत पोलाद वितळवण्याची रीत शेफील्डजवळ बसवली. त्या मुशीतल्या पोलादाचे हे नाव. धारेला त्यासारखे दुसरे नाही. (मुशीतले पोलाद आमच्या दख्खनला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम येथे ते विकत घ्यायला इराणचे व्यापारी येऊन राहत. पण हा विषय काढला तर लेख भलतीकडे जाईल.) दुसरा शब्द देशाचा. १८८७ मध्ये इंग्लंडने परदेशी मालाविषयी शिक्क्यांचा कायदा केला आणि १८८९ मध्ये हिंदुस्थानातही तसाच कायदा झाला. त्यानंतरच्या मालावर 'मेड इन' अमुक असे शब्द वाढत्या प्रमाणात दिसू लागतात. तेव्हा नुसते गावाचे नाव असून देशाचे नाव नसेल तर हत्यार जुने असण्याचा संभव अधिक. हा संभवच समजावा, पुरावा समजू नये. आपल्या देशात खपायच्या मालावर देशाचे नाव घालण्याची इंग्रज कारखानदाराला गरज नसे.

आणि बाण! पाते चांगले पुसल्यावर एखाद्या कडेला तीन रेघांचा वर टोक केलेला बाण दिसला तर ते हत्यार सरकारी. इंग्रज सरकारची ती मालकीची खूण. हिंदुस्थानच्या लष्करी खात्याच्या मालावर बाणाबरोबर इंग्रजी 'आय' अक्षर असे. महायुद्धांच्या काळातल्या हत्यारांवर पुष्कळदा सालही सापडते. माझ्या अर्धचंद्राकृती पात्याचा गंज मी रॉकेलमध्ये दोन दिवस भिजवून चिंधीने काढला, तेव्हा तो बाण मला दिसला. साल मात्र दिसले नाही. कोणीतरी सहाणेवर घासून घासून ते साल आणि त्याच्या आसपासचे पोलादही झिजवले होते. इथे एक विनंती करतो. असली वस्तू मिळाली तर ती यंत्रावर पॉलिश करून आणू नका. तिचा गंज जातो, पण त्याबरोबर नावही जाते.

सरकारी बाण पुण्याच्या जुन्या बाजारात कसा आला, ते समजणे अवघड नाही. पेशव्यांचे घोडदळ गेले तरी पुण्यातून घोडा गेला नाही. इंग्रजांची छावणी आली, आणि खडकीला दारूगोळ्याचे व सामानाचे कोठार झाले. घोडा आला की जीन आले आणि जीन आले की ते शिवणारा आला. १८५७ नंतर सरकारने कानपूरला लष्करासाठी साज आणि खोगिरे करण्याचा कारखानाच काढला. पुढे घोडदळाच्या हाती मोटारी आणि रणगाडे आले. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा लष्कराजवळचे वाढीव सामान ढिगांनी विकायला निघाले. तंबू, पेट्या, घोंगड्या, बूट, आणि त्यांतच कोठेतरी जीनगरांच्या पेट्याही असणार. टांगेवाल्यांचा साज शिवणाऱ्यांनी त्या घेतल्या असतील. पुढे रिक्षा आल्या, टांगे मोडले, आणि चाक गोणपाटावर आले. माझ्या चाकाची मूठ बाभळीची आहे. वॉल्सॉलला बाभूळ उगवत नाही. मूळची विलायती मूठ केव्हातरी फुटली आणि इथल्या कोणीतरी ही नवी घालून दिली. तिच्यावरही अंगठ्याची एवढी खोल खळगी पडली, म्हणजे चाकाचे निम्म्याहून अधिक आयुष्य आपल्याच मुलखात गेले असले पाहिजे.

आता अर्धचंद्राविषयी थोडे. ज्याला विक्रेता कोथिंबिरीची सुरी म्हणाला, ते चामडे कापण्याचे जगातल्या अतिप्राचीन पात्यांपैकी एक आहे. इजिप्तमध्ये थीब्ज येथे रेखमिरे नावाच्या वजिराचे थडगे आहे. ते सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचे. त्याच्या भिंतींवर सर्व कारागिरांची चित्रे काढलेली आहेत आणि त्यांत चर्मकार आहेत. त्यांच्या हातात असेच अर्धगोल पाते आहे. जीनगर ते आजही त्याच रीतीने चालवतात. गोल धारेमुळे वळणावर पाते झोकाळत नेता येते आणि कोपऱ्यावर टोक टेकवता येते. चौतीसशे वर्षांत आकारात बदल करावासा कोणालाही वाटला नाही, अशी किती हत्यारे असतील?

आपल्याकडची रापी मात्र निराळी. हिच्यावर कारखान्याचा शिक्का नाही, सालही नाही. गावच्या लोहाराने केली, चर्मकाराने वापरली, आणि दोघांचीही नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. म्हणून बाजारात तिला कोणी ओळखत नाही. तिला खुरपे समजून विकतात. ओळखायची खूण धारेत आहे. खुरप्याची धार वाकडी आणि आत वळलेली, रापीची धार समोर, पसरट, पंख्यासारखी. खुरपे आपल्याकडे ओढतात, रापी आपल्यापासून दूर ढकलतात. विलायती कारागीर बाकावर बसून टेबलावर कातडे ठेवतो, म्हणून त्याचे पाते वरून खाली दाबले जाते. आपला कारागीर जमिनीवर बसतो, कातडे पायाच्या बोटांत धरतो आणि रापी पुढे लोटतो. बसण्याच्या रीतीतून हत्याराचा आकार ठरला, हे मला कोणत्याही पुस्तकात वाचायला मिळाले नव्हते. आबांच्या ओट्यावर तासभर बसल्यावर ते कळले.

जुन्या रापीच्या पाठीवर आडव्या-तिरप्या बारीक रेघा दिसल्या तर दचकू नये. ती आधीच्या जन्मी कानस होती. झिजलेल्या कानशीचे पोलाद फार उत्तम, म्हणून लोहार तीच तापवून ठोकून रापी करी आणि कानशीचे दात पुरते बुजत नसत. रापीचे वय तिच्या आखूडपणावरून ठरवावे. दिवसातून दहादा ती सहाणेवर लागते, आणि वर्षा-दोन वर्षांत बोटभर झिजते. आबांच्या जवळ त्यांच्या वडिलांची रापी होती. पाते उरले होते दोन बोटे. "आता ही कापत न्हाई, पर टाकवत बी न्हाई," असे म्हणून त्यांनी ती पुन्हा पेटीत ठेवली.

आरीची तर कथाच मोठी आहे. आरीचे टोक भिंगातून पाहावे. चौकट-चिरोट्यासारखे चार कडांचे असेल तर ती जीनगराची, टाक्यासाठी तिरपे भोक पाडणारी. टोकाजवळ बारीक खाच असेल तर ती आपल्या मोच्याची. ती चामड्यातून खाली जाते, खाचेत दोरा अडकवते आणि त्याचा फास वर घेऊन येते. भोक पाडणे आणि दोरा ओढणे ही दोन्ही कामे एकाच हत्याराने होतात. कच्छ-सौराष्ट्रातील मोच्यांनी हीच आरी बारीक करून रेशमी कापडावर चालवली आणि राजेरजवाड्यांसाठी मोर, वेली, फुले भरली. त्या कामाला आजही मोची भरत म्हणतात. अठराव्या शतकात युरोपातल्या उमरावांच्या स्त्रिया डफासारख्या गोल चौकटीवर कापड ताणून आकडीच्या सुईने असेच साखळीटाके घालू लागल्या, आणि ती कला पूर्वेकडून आली असे तेथलेच लोक लिहून गेले. आज मुंबई-पुण्यात लग्नाच्या ब्लाउजवर 'आरी वर्क' करून घेण्यासाठी जे हजारो रुपये मोजले जातात, ते या मोच्याच्या आरीचे. नवरीच्या मावशीला हे सांगून पाहावे. मी एकदा सांगितले. मावशींनी विषय बदलला.

तीन पायांची लोखंडी ऐरण पुष्कळांनी पाहिलेली असते. एक पाय मोठ्या तळव्याचा, एक लहान तळव्याचा, एक टाचेचा. कोणताही वर केला तरी उरलेले दोन जमिनीवर घट्ट. हल्ली ती उपाहारगृहांत शोभेला ठेवतात आणि एका ठिकाणी तर मी ती दाराला टेकू म्हणून लावलेली पाहिली. तिच्याबद्दल अधिक लिहीत नाही, कारण ती ओळखायला कोणाची मदत लागत नाही.

ही सारी हत्यारे बाजारात आली कशी, हा प्रश्न मी प्रथम फार हळहळून विचारत असे. मोटेचे उदाहरण घ्या. विहिरीवरची चामड्याची मोट शिवणे हे गावच्या चर्मकाराचे वर्षाचे मोठे काम. जाड कातडे, त्याला पाणी झिरपू न देणारा टाका, आणि त्यासाठी मनगटाएवढ्या मुठीची जाड आर. तेलाची इंजिने आली, विजेचे पंप आले, आणि ती आर एका पिढीत निकामी झाली. १९३१ मध्ये बाटा कंपनीने इथे पाय रोवल्यावर कारखान्याचा जोडा खेड्यापर्यंत जाऊ लागला. त्यापुढे रबर, मग प्लॅस्टिक. हे सगळे मी आबांना मोठ्या दुःखाने सांगत होतो. ते वादी ओली करून ताणत होते. कोल्हापुरी चपलेला खिळा नसतो. तळ, टाच, कान, अंगठा सारे चामड्याच्या वादीनेच शिवलेले, आणि वरची वेणी बहुधा घरच्या बायकांच्या हातची. माझे बोलणे संपल्यावर ते म्हणाले,

"मास्तर, ती हत्यारं कुनी इकली, म्हाइती हाय का? ज्येची पोरं शिकली, त्येनं. माझा थोरला सातारला बँकेत हाय. त्येच्या हातात रापी जाऊ ने म्हनून मी साठ वरसं हातात धरली. तुमी कशापायी रडताय?"

मला उत्तर सुचले नाही. आबा ज्या गावात बसून हे बोलत होते, त्याच गावच्या शाहू महाराजांनी १९१८ साली बलुतेपद्धत कायद्याने बंद केली. बापाचा धंदा मुलाने केलाच पाहिजे, ही बेडी त्या हुकमाने तोडली. बेडी तुटल्यावर ती भंगारात जाते. ती गेली म्हणून हळहळणारा मी कोण? आणि तरीही त्या भंगारात साठ वर्षांचे कौशल्य आहे, हेही खोटे नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे, आणि माझी कादंबरी त्यापुढे आठ महिने अडून बसली.

वरच्या जातींतल्या माणसांनी हे हत्यार आपणहून हाती धरल्याची उदाहरणे थोडी आहेत, पण आहेत. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजी चपला करायला शिकले. त्यांचे मित्र हरमान कालेनबाख ते काम मारियानहिलच्या ख्रिस्ती मठात शिकून आले होते. तुरुंगात केलेला एक जोड गांधीजींनी १९१४ मध्ये जनरल स्मट्स यांना दिला आणि स्मट्स यांनी तो १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवशी परत पाठवला. आपल्या कोकणात अप्पा पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मेलेल्या जनावराचे कातडे सोलण्यापासून सारे काम स्वतः केले. सोलण्याच्या सुरीपाशी पोचणे हे चपलेपेक्षा फार कठीण. चपला शिवणाऱ्याचे कौतुक होते. सोलणाऱ्याच्या अंगाचा वास येतो म्हणून लोक दूर बसतात.

हे सगळे लिहिणे सोपे आहे. माझ्या घरी मला एक साधी गोष्ट सांगायची होती, ती मला पंधरा दिवस सांगता आली नाही. कोल्हापूरहून परत आलो तेव्हा चाक स्वयंपाकघराच्या मांडणीवर लाटण्याशेजारी जाऊन बसले. सौ.ला त्याच रात्री सांगितले. ती म्हणाली, "चिंचेने घासलंय मी, त्यात काय? पण सासूबाईंना तुम्हीच सांगा." संक्रांतीच्या आदल्या दिवशी आई गुळाच्या पोळीला ते फिरवायला निघाली, तेव्हा सांगावे लागले. जीन, घोडा, चामडे, सगळे सांगितले. आईने हात तसाच थांबवला. चाक पाटावर ठेवले. उठून हात धुतले. एकदा धुतले, मग पुन्हा धुतले. बोलली काहीच नाही. त्या दुसऱ्या हात धुण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. आणि मोठ्या मनाने बोलू नये. त्या क्षणी मला आईचा राग आला नाही, आपल्याला पंधरा दिवस का लागले याचीच लाज वाटली.

चाक माझ्या टेबलावर आले. पुढल्या दिवाळीला आईनेच बोहरी आळीतून नवे पितळी कातणे आणवले आणि करंज्या केल्या. डबे भरताना तिने विचारले, "ते कोल्हापूरचे गृहस्थ, ज्यांनी तुला ते ओळखून दिलं, त्यांना फराळ पाठवायची रीत आहे का तुझी?" मी म्हटले, नाही. तिने एक डबा वेगळा काढला आणि वरून कागद बांधताना नव्या दोऱ्याची दुहेरी गाठ मारली.

पाडव्याच्या दिवशी आबांचा फोन आला. "मास्तर, करंज्या पोचल्या. खाल्ल्या. पर मी आधी कडा बगितल्या बरं का. ह्यो आठाचा टाका न्हाई. ह्ये बाजारचं कातणं हाय." मग थोडे थांबून म्हणाले, "त्या चाकाला वाईच तेल लावत जावा. आस गंजला म्हंजे फिरायचं न्हाई."

मी लगेच लावले. मशीनचे तेल घरात नव्हते, म्हणून अभ्यंगाचे उरलेले लावले.